जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीची गळती काढायची तर

बोट गळायला लागली की आपण सगळे एकच करतो. हार्डवेअरच्या दुकानात जातो, दोन कांड्या मळून लावायचं ते सील आणतो आणि जिथं ओल दिसतीय तिथं थापतो. मी पण तेच केलं, एक नाही तीन उन्हाळे केलं. तिसऱ्या वर्षी बुडात एवढं सील झालंवतं की मामा म्हणाला, "अरे आता पत्रा काढून टाक की, नुसतं सीलावर तरंगंल ती." आणि एवढं करून अर्ध्या तासात घोट्याएवढं पाणी व्हायचंच. चौथ्या वर्षी शहाणपण आलं, ते कसं आलं आणि काय केलं ते सगळं इथं लिहितोय, कुणाकडं अशी बोट असंल तर उपयोग होईल.

आमची बोट बारा फुटी, सपाट बुडाची, सगळी रिव्हेटवर जोडलेली, म्हणजे पत्र्यांच्या भोकातनं घालून ठोकून बसवलेल्या डोक्याच्या खिळ्यांवर, वेल्डिंग कुठंच नाही. गोव्याकडनं भंगाराच्या भावात घेतली आणि चोर्ला घाटातनं टेम्पोवर आणली. मामाचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला लागून, तिथं ती असती. आपल्या भागात अ‍ॅल्युमिनियमची बोट तशी कमीच, धरणावर बघाल तर फायबरच्या नाहीतर हरगोल, म्हणजे टोपलीसारख्या गोल होड्या, त्यामुळं हिची रिपेरी माहीत असलेला माणूस पण सापडत नाही. मोटरसायकलचा मेकॅनिक म्हणतो हे पत्र्याचं काम, पत्र्यावाला म्हणतो हे बोटीचं काम.

तर पहिलं हे समजून घ्या की पत्रा बहुतेक वेळा चांगलाच असतो. गोड्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम लई टिकतं. गळतं ते रिव्हेट आणि सांधा. का, तर बोट पाण्यात सारखी वाकत असती, दगडावर आपटती, किनाऱ्यावर ओढताना पिळवटती, आणि वरनं ऊन. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. बारा फुटी पत्रा वीस अंशावरनं साठ अंशावर गेला, म्हणजे मे महिन्यात दुपारी उन्हात पडलेला असला, की तीन मिलीमीटरच्या वर लांब होतो. रात्री परत आखडतो. असं वर्षानुवर्षं झालं की रिव्हेट ढिला पडतो आणि त्याच्या भोवतीनं पाणी येतं. आता बघा, जी वस्तू रोज तीन मिलीमीटर हलतीय तिच्यावर दगडासारखं कडक होणारं सील लावलं तर काय होणार? तडकणार. वर्षभरात पापुद्रा सुटतो आणि त्याच्या खाली पाणी साचून राहतं ते वेगळंच.

आपल्या घरात जुन्या पितळेच्या बादलीची कडी ढिली झाली की तांबट काय करायचा? डिंक लावायचा काय? ठोकळ्यावर रिव्हेट धरून दोन ठोके मारायचा, झालं. बोटीचं पण तसंच हाय. आधी ठोकायचं, मग चिकटवायचं. आम्ही सगळे उलटं करत होतो.

आता गळती शोधायची. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि इथंच सगळे घाई करतात. बोट पाण्यात असताना आत जिथं ओल दिसती तिथं भोक असतंच असं नाही, पाणी पुढनं येतं, बरगडीच्या, म्हणजे बुडाला आतनं आडव्या मारलेल्या पट्टीच्या, खालनं सरकत मागं येतं आणि मागच्या कोपऱ्यात दिसतं. आम्ही तीन वर्षं मागचा कोपरा थापत होतो आणि भोक होतं पुढच्या बाकाखाली. म्हणून उलटं करायचं, बोट जमिनीवर घोड्यांवर, म्हणजे सुताराकडं असतात तसल्या लाकडी स्टँडवर, ठेवायची, आत पाणी भरायचं आणि खाली घुसून बघायचं कुठनं थेंब पडतोय.

पण जपून. पाण्याचं वजन लोक विसरतात. दहा फूट बाय तीन फूट बुडात चार इंच पाणी म्हणजे जवळजवळ २८० लिटर, म्हणजे २८० किलो. बोट पाण्यात असती तेव्हा खालनं सगळीकडनं आधार असतो, घोड्यांवर नसतो, दोन टोकांना दोन घोड्या ठेवून मधी पाणी भरलं तर बुडाला झोळ पडंल आणि चांगले रिव्हेट पण सुटतील, आणि तुम्ही खाली असताना हे झालं तर मग बोटीचा विषय संपलाच. आम्ही चार घोड्या लावल्या, वर आडव्या फळ्या, आणि ऊसाच्या ट्रॉलीची जुनी टायरं मधी सरकवली. पाणी दोन-तीन इंचच भरा, तेवढं पुरतं. एवढ्यानं बाजूच्या वरच्या सांध्याची गळती कळत नाही, त्यासाठी मग बोट एका अंगावर थोडी कलती करून परत थोडं पाणी.

भरायच्या आधी बाहेरनं बूड पूर्ण कोरडं पुसून घ्या. मग खाली बसा, परमनंट मार्कर घ्या, आणि थेंब दिसला की लगेच गोल करा. मी तीन खुणा ठेवल्या: धार लागली तर फुली, थेंब पडतोय तर गोल, नुसता घाम आलाय तर टिंब. अर्धा तास तरी थांबायचं, काही रिव्हेट उशिरा पाझरतात. आमच्या बोटीत चार फुल्या, अकरा गोल आणि टिंबं मोजायची सोडून दिली. फोटो काढून ठेवा, नंतर घासताना मार्कर पुसला जातो. माझा पुसला गेला आणि परत २०० लिटर पाणी भरलं, भाच्यानं बादल्या आणून आणून शेवटी बोलणंच बंद केलं.

पाण्याशिवाय पण काही रिव्हेट ओळखू येतात. डोक्याभोवती काळपट कडा दिसली तर तो रिव्हेट आत हलतोय, घासून घासून काळं बाहेर पडतं ते. नखानं डोकं उचकटून बघा, हललं तर गेला. आणि मागच्या फळीला, जिथं मोटर बसवतात, तिथल्या बोल्टांची भोकं आणि पाणी सोडायच्या बुचाची जागा आधी बघा, कारण लई वेळा सगळा उपद्व्याप करून शेवटी कळतं की दहा रुपयांच्या बुचाचं रबर वाळलंय. बाकाखालचा फोम पण तपासा. जुना पांढरा थर्मोकोल पाणी पिऊन बसलेला असतो, आमच्याकडं एका बाकाखालनं निघालेला फोम दोघांनी उचलावा लागला. बोट जड का झाली ते तेव्हा कळलं. पण फोम काढून तसंच सोडू नका, बोट उलटली तर तरंगवणारा तोच असतो. नवीन बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम घाला.

मग साफसफाई. कंटाळवाणं काम, पण जुनं सील, डांबर, सिलिकॉन सगळं निघालंच पाहिजे. सिलिकॉन तर कधी लावूच नका, बाथरूमला लावतात ते, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्याच्यावर पुढं काहीच चिकटत नाही, रंग पण नाही. खरवडायला लाकडाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी घ्या. तारेचा ब्रश घ्यायचा तर स्टेनलेसचाच, साध्या लोखंडाच्या ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि त्या जागी खड्डे पडायला लागतात. घासून झालं की अ‍ॅसिटोन किंवा चांगल्या थिनरनं पुसा, बीडी लांब ठेवून.

आणि कॉस्टिक सोड्यानं धुवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मला दिलावता एकानं, भांडी कशी चकचकीत होतात म्हणून. आपल्या बेळगावात यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना हाय, तिथं बॉक्साइटमधनं अ‍ॅल्युमिना काढतात ते कॉस्टिकमध्ये विरघळवूनच. जो सोडा त्या दगडातनं अ‍ॅल्युमिना ओढून काढतो तो तुमच्या दीड मिलीमीटर पत्र्याला सोडंल काय? ओलं सिमेंट पण तसंच, त्यातला चुना पत्रा खातो. भोकात सिमेंट भरलेली बोट मी स्वतः बघितलीय, भोक एक होतं त्याची तीन झालीवती. बोटीतनं सिमेंटची पोती पण आणू नका.

आता ठोकायचं काम. याला दोन माणसं लागतात, एकट्यानं होत नाही. एकजण बाहेरनं रिव्हेटच्या गोल डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो, दोन-तीन किलोचा तरी पाहिजे, आम्ही घणाचं डोकं वापरलं. ठोकळ्यात डोक्याच्या आकाराचा लहान खड्डा करून घेतला तर डोकं चपटं होत नाही, लेथवाला पाच मिनिटांत करून देतो. दुसरा आतनं रिव्हेटच्या शेपटीवर हातोडीनं मारतो. दणकून नाही, मध्यम हातोडी, चार-पाच सरळ ठोके. आवाजावरनं कळतं. ढिला रिव्हेट बद्द वाजतो, आवळला की टणक वाजायला लागतो, तिथंच थांबा. हौसेनं आणखी मारलं तर शेपटी पसरत जाती, भोकाभोवतीचा पत्रा ताणला जातो आणि शेजारचा रिव्हेट ढिला होतो. बाहेरचा माणूस बोलत राहिला पाहिजे, "धरलंय, मार" असं म्हटल्याशिवाय आतल्यानं मारायचं नाही. मामानं एकदा नुसतं "हं" म्हटलं ते मला "मार" वाटलं, त्यांचा अंगठा आठवडाभर निळा होता आणि मामी माझ्याशी तेवढे दिवस बोलल्या नाहीत.

एवढं करून परत पाणी भरून बघा. आमचे अकरा गोल होते त्यातले आठ नुसत्या ठोकण्यानं बंद झाले. एक रुपयाचं सामान नाही. तीन वर्षं सीलला पैसे घालवले ते आठवून जरा वाईट वाटलं.

जे रिव्हेट ठोकूनही गळतात ते बदलायचे. डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचनं खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं आणि पत्र्यावर ओरखडा जातो. रिव्हेटपेक्षा किंचित बारीक बिट घ्या, फक्त डोक्यापुरतं ड्रिल करा, डोकं उडवा आणि दांडी पंचनं हळूच ठोकून काढा. भोक मोठं होऊ देऊ नका. आमच्यात दीड सूत म्हणजे इंचाच्या सोळा भागातले तीन, जवळजवळ ४.८ मिलीमीटरचे रिव्हेट होते, तुमचे मोजून घ्या. नवीन भरीव रिव्हेट घालायचा असंल तर पत्र्याच्या मागं दांडी त्याच्या जाडीच्या दीडपट बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे ४.८ ला सात मिलीमीटरच्या आसपास.

जिथं आतनं हात पोचत नाही तिथं पॉप रिव्हेट, एकाच बाजूनं ओढून बसवायचा तो. पण दुकानात मिळतो तो साधा पॉप रिव्हेट नको, तो आरपार पोकळ असतो, मधली खिळी तुटून गेली की त्या नळीतनंच पाणी येतं आणि लोखंडी खिळीचा तुकडा आत गंजतो. बंद तोंडाचा मागा, क्लोज्ड एंड म्हणतात, मागचं तोंड टोपीसारखं बंद असतं. खाडेबाजारात दुकानदार म्हणतील "सगळे सारखेच असतात", नसतात. उद्यमबागच्या बाजूला फास्टनरच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन. बसवायच्या आधी भोकात आणि दांडीला पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, सीलंट लावा, बोटीसाठीचं मरीन ग्रेड, पाण्याखाली चालतं असं लिहिलेलं बघून घ्या. रिव्हेट ओढला की सीलंट डोक्याभोवतीनं थोडं बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर कमी पडलं.

पीयू सीलंटचं चांगलं हे की ते वाळल्यावर पण रबरासारखं लवचिक राहतं, बोटीबरोबर हलतं. ते हवेतला ओलावा ओढून घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलीमीटर जाडी, त्यामुळं मोठा ढीग लावला तर आत आठवडाभर ओलंच राहतं. लावताना हातमोजे घाला. मी घातले नाहीत आणि त्याच हातानं स्कूटरची किल्ली, फोन, घराचा दरवाजा, सगळ्यावर काळे ठसे, अजून आहेत.

सांध्यासाठी, म्हणजे जिथं दोन पत्रे एकावर एक येतात तिथं, पातळ दोन भागांचं इपॉक्सी चांगलं. आतनं सांध्यावर आणि रिव्हेटच्या ओळीवर ब्रशनं लावायचं. पाच मिनिटांत कडक होणारं घेऊ नका, ते पाण्यात फार टिकत नाही आणि कडकही जास्त होतं, हळू वाळणारं घ्या. एक युक्ती, अ‍ॅल्युमिनियम घासलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा नवा थर यायला लागतो, म्हणून मी पहिला हात इपॉक्सी लावून त्या ओल्यातच पॉलिश पेपरनं घासतो, म्हणजे ताज्या धातूला हवा लागायच्या आत इपॉक्सी लागतं. सांधा थोडा कोमट असंल तर पातळ होऊन आत शिरतं, सकाळी उन्हात बोट ठेवा, मग सावलीत ओढून लावा, पत्रा थंड होताना फटीतली हवा आखडती आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. हे सगळं मे महिन्यात उरका. पाऊस सुरू झाला की आपल्याकडं हवेत नुसती ओल, खानापूरकडं तर विचारूच नका, इपॉक्सीवर चिकट दुधाळ थर येतो आणि तो पाण्यानं धुऊन, घासूनच दुसरा हात द्यावा लागतो.

चीर गेली असंल तर नुसतं भरून चालत नाही, चीर पुढं पळती. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलीमीटरचं भोक पाडा, तिथं ती थांबती. मग वरनं ठिगळ. ठिगळाला ५०५२ ग्रेडचा पत्रा मागा, बोटीच्या पत्र्याएवढ्याच जाडीचा. डब्या-पातेल्याचा मऊ पत्रा नको. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा गवतात अडकतो आणि तिथनंच उचकटतो. चिरेच्या चारी बाजूला दीड इंच तरी जास्त, खाली सगळीकडं सीलंट, आणि इंच-सव्वा इंचावर रिव्हेट. ठिगळ बाहेरनं लावा म्हणजे पाण्याचा दाब त्याला आत दाबतो.

वेल्डिंगचं सगळे विचारतात. मी पण बोट घेऊन उद्यमबागला गेलोवतो, टिग वेल्डिंग करणाऱ्या एका शेडमध्ये. त्या माणसानं पत्रा बोटानं वाजवून बघितला, रिव्हेट बघितले आणि म्हणाला, "आगंगिल्ल री," म्हणजे होणार नाही. मी म्हटलं पैसे देतो की. तर त्यानं समजावून सांगितलं, अर्धं कन्नड अर्धं मराठी. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइड दोन हजारच्या वर. वरची साय निघेपर्यंत खालचं दूध ओतून जातं असं समजा. नवीन जाड पत्रा असंल तर तो करतो, पण जुना पातळ, सांध्यात सील आणि डांबर मुरलेला, तिथं भोक पडणारच, आणि त्या उष्णतेनं शेजारचे दहा रिव्हेट ढिले होणार. वर बाकाखाली फोम, त्याला आग लागली की विषारी धूर. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस खरं बोलतोय असं समजून मी चहा पिऊन परत आलो. पूर्ण वेल्डिंगचीच बोट असंल तर गोष्ट वेगळी, तिथं टिग शिवाय उपाय नाही.

मागच्या फळीचं लाकूड कुजलं असंल तर बदलाच, कुजक्या लाकडात बोल्ट हलतो आणि भोक गळतं. मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून, आणि कापलेल्या कडांना, भोकांना इपॉक्सी पाजा. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचं औषध मारलेलं लाकूड मात्र अ‍ॅल्युमिनियमला चिकटवू नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. एवढंच काय, तांब्याच्या वायरचा तुकडा बुडात चिखलात पडून राहिला तरी त्याच्याखाली टाचणीएवढं भोक पडतं. आमच्या चार फुल्यांपैकी एक त्यानंच झालीवती, तुकडा तिथंच हिरवा होऊन पडलावता. पितळी स्क्रू, लोखंडी खिळे, काहीच नको. स्टेनलेस बोल्ट चालतो, पण खाली सीलंट आणि नायलॉनचा वायसर घालून.

सगळं झालं की सीलंटला आठवडा द्या. मग परत घोड्यांवर पाणी भरून बघा, आणि मगच धरणावर. पहिल्या दिवशी एकटे खोल पाण्यात जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला, हिडकल ५१ टीएमसीचं धरण हाय, आपलं गावतळं नव्हे. मासेमारीचा परवाना ज्या पाण्यात लागतो तिथं तो पण बघून घ्या. किनाऱ्यालगत तासभर फिरताना आम्ही एक केलं, बरगड्यांच्या मधी जुन्या पेपरच्या पट्ट्या अंथरल्या. जी पट्टी आधी भिजली तिच्याच वरच्या अंगाला गळती. परत आल्यावर मामा एकेक पट्टी उचलून बघत होते, सगळ्या कोरड्या, फक्त उजवीकडची पुढनं तिसरी ओली.

तो रिव्हेट अजून पाझरतो. बरगडीच्या खाली हाय, तिथं ना हातोडी जाती ना ड्रिल, काढायचा तर अख्खी बरगडी काढावी लागणार. दिवसभर जाळी टाकून आलो की वाटीभर पाणी निघतं. मामानी त्यासाठी एक स्पंज बाकाखाली खिळ्याला अडकवून ठेवलाय, दोरी बांधून, आणि खिळा अ‍ॅल्युमिनियमचाच हाय.